मोबाईल संच : रोखीने, हप्त्याने की कराराने?
सीवूड्समधील व्यापारी व कारागीर बांधवांसाठी हिशेब

सीवूड्स-दारावे स्टेशनातून बाहेर पडले की मॉलच्या झगमगाटात आणि सेक्टरांतील छोट्या गाळ्यांत एकच पाटी वेगवेगळ्या रंगांत दिसते : "शून्य रुपये भरा, फोन घेऊन जा." ही पाटी वाचणाऱ्यांत नोकरदार असतात, तसे आपले शिंपी, एसी दुरुस्तीवाले, सुतार, बेकरीवाले आणि भंगाराचा धंदा करणारे बांधवही असतात. नोकरदाराचा फोन चार दिवस बंद पडला तर त्याची गैरसोय होते. कारागिराचा बंद पडला तर त्याचा धंदाच बंद पडतो. मापे व्हॉट्सॲपवर येतात, पैसे क्यूआर कोडावर येतात, आणि दुकानाच्या पाटीवर रंगवलेला नंबर हाच दुकानाचा पत्ता झालेला आहे. म्हणून फोन कसा घ्यावा हा प्रश्न या आठवड्यात आम्ही थोडा सविस्तर घेत आहोत.

सर्वप्रथम दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. फोनचा संच ही एक वस्तू आहे आणि त्यावर मिळणारी सेवा ही दुसरी. संच बाजारात विकत मिळतो, सेवा दरमहा विकत घ्यावी लागते. करार म्हणजे या दोन्हींची एकत्र बांधलेली गाठोडी. गाठोडी बांधली की आतल्या कोणत्या वस्तूला किती पैसे पडले हे ग्राहकाला कळत नाही, आणि दुकानदारीतला आपला अनुभव सांगतो की जिथे भाव कळत नाही तिथे नफा दुसऱ्याचा असतो.

लंडनला किंवा लेस्टरला ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी ऐकले असेल की तिकडे "फुकट" फोन मिळतो. तो फुकट नसतो. चोवीस महिन्यांच्या बिलात संचाची किंमत मिसळलेली असते. मुदत संपून संचाचे पैसे फिटले तरी पुष्कळ लोक तेच मोठे बिल भरत राहत. अखेर तेथील नियामक संस्था ऑफकॉमने २०२० पासून कंपन्यांना सक्ती केली की करार संपत आला की ग्राहकाला तसे कळवावे. शिकल्यासवरल्या देशात ही स्थिती, तर आपण जपून पाऊल टाकण्यात कमीपणा नाही.

आपल्या देशात ही पद्धत फारशी रुजली नाही. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीत सुखराम यांना पहिला मोबाईल कॉल केला, तेव्हापासून कित्येक वर्षे संच वेगळा आणि सेवा वेगळी असाच रिवाज राहिला. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडत. २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले आणि मोबाईल खऱ्या अर्थाने कारागिराच्या हाती आला. त्यातही बहुसंख्य लोकांनी आधी पैसे भरण्याची म्हणजे प्रीपेडचीच वाट धरली. कारण साधे आहे : रोजच्या कमाईवर जगणारा मनुष्य महिनाअखेरच्या बिलाला भितो, आणि कंपनीही बिल न भरणाऱ्याच्या मागे कोर्टकचेरी करण्यास भिते.

तरीही कराराचे प्रयोग झाले, आणि त्यांतले मोठे प्रयोग आपल्या नवी मुंबईतूनच झाले ही गोष्ट आमच्या वाचकांच्या लक्षात कदाचित आली नसेल. कोपरखैरण्याच्या धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीतून चालणाऱ्या रिलायन्स इन्फोकॉमने जुलै २००३ मध्ये "मान्सून हंगामा" नावाची योजना काढली. ५०१ रुपये भरा, संच घेऊन जा, बाकी दरमहा फेडा. लाखो लोकांनी संच उचलले. पण तो संच सीडीएमए पद्धतीचा होता. नंबर संचातच बसवलेला असे. दुसऱ्या कंपनीचे सिम घालून तो वापरावा म्हटले तर सोयच नव्हती. पुढे अनेक ग्राहकांनी पैसे थकवले, अनेकांच्या जोडण्या तोडल्या गेल्या, आणि घेतलेला संच निव्वळ खेळणे होऊन पेटीत पडला. कालांतराने ती पद्धतच मागे पडली. कंपनीने २०१७ च्या अखेरीस आपली मोबाईल कॉलसेवाही गुंडाळली. ज्याने संच बाहेरून घेतला होता त्याने सिम बदलले आणि धंदा चालू ठेवला.

दुसरा प्रयोग घणसोलीहून झाला. २०१७ मध्ये जिओफोन आला. १५०० रुपये अनामत, ती तीन वर्षांनी संच परत केल्यावर मिळणार. जाहिरातीने "फोन फुकट" असे वातावरण झाले. अटी बाहेर आल्या तेव्हा कळले की वर्षाला किमान १५०० रुपयांचे रिचार्ज करणे बंधनकारक आहे, आणि सिम एकाच कंपनीचे चालेल. म्हणजे तीन वर्षांत ४५०० रुपयांचा खर्च करीन असे वचन देऊन १५०० रुपये परत मिळवायचे. आम्ही यास लबाडी म्हणत नाही. ज्याला तेवढे रिचार्ज करायचेच होते त्याचा यात फायदा झाला. पण हे वचन आहे, भेट नव्हे, इतके समजून घेतले पाहिजे.

तिसरा प्रयोग हिशेबासाठी सर्वांत चांगला आहे, कारण त्यात रोख किंमत आणि हप्त्याची किंमत दोन्ही उघड होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये दिवाळीला जिओफोन नेक्स्ट आला. रोखीने ६४९९ रुपये. हप्त्याने घ्यायचा तर १९९९ रुपये आरंभी, ५०१ रुपये प्रक्रिया शुल्क, आणि पुढे सेवेसह हप्ता. सर्वांत लहान योजनेत चोवीस महिने ३०० रुपये, त्यात महिन्याला ५ जीबी डेटा व १०० मिनिटे. एकूण बेरीज ९७०० रुपये. रोज दीड जीबी डेटा हवा असेल तर चोवीस महिने ४५० रुपये, म्हणजे १०,८०० आणि आरंभीचे २५०० मिळून १३,३०० रुपये.

आता पेन्सिल घ्या. त्याच वेळी त्याच कंपनीचा रोज दीड जीबीचा अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज १९९ रुपयांना होता. दोन वर्षांत असे सव्वीस रिचार्ज होतात, म्हणजे ५१७४ रुपये. त्यात संचाचे ६४९९ मिळवले की ११,६७३ झाले. करारापेक्षा १६२७ रुपये कमी. ज्याने रोख दिले त्याने ४५०० रुपये आधी मोकळे केले. ज्याने करार केला त्याला ते ४५०० दोन वर्षांत थोडे थोडे द्यावे लागले, आणि त्या सवलतीबद्दल १६२७ रुपये जादा मोजावे लागले. ४५०० रुपयांवर १६२७! आपल्या बाजारातला कोणता व्यापारी इतक्या भावाने उधारी घेईल?

पण हिशेब अर्धा ठेवू नये. १ डिसेंबर २०२१ रोजी तोच रिचार्ज १९९ वरून २३९ रुपये झाला. नव्या दराने सव्वीस रिचार्जचे ६२१४ रुपये होतात, संचासह १२,७१३. फरक एकदम ५८७ रुपयांवर आला. म्हणजे हप्त्याचा आकडा जर मुदतीभर कायम ठेवण्याची लेखी हमी असेल, तर दरवाढीपासून काही रक्षण मिळते. जुलै २०२४ मध्ये हाच रिचार्ज २९९ रुपये झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे या रक्षणाची किंमत कळते. म्हणून आम्ही सरसकट करार वाईट असे म्हणत नाही. हमी लेखी आहे का, एवढे विचारा. "साहेब, दर वाढणार नाही" हे काउंटरवरचे तोंडी आश्वासन हमी नव्हे.

आता आजकाल सर्वांत जास्त चालणाऱ्या प्रकाराकडे वळतो. कंपनीचा करार नाही, पण बँक किंवा वित्त कंपनीचा हप्ता. त्याचे गोंडस नाव "नो कॉस्ट ईएमआय". नावावरून बिनव्याजी वाटते. प्रत्यक्षात काय होते ते पाहा. समजा फोन १५,००० रुपयांचा, सहा हप्ते २५०० रुपयांचे. बँकेचा व्याजदर १६ टक्के धरला तर बँक तुमच्या नावावर सुमारे १४,३२४ रुपयांचे कर्ज टाकते, आणि ६७६ रुपये व्याज लावते. ते ६७६ रुपये विक्रेता किंवा कंपनी सवलत म्हणून सोडते. बेरीज १५,००० जुळते आणि ग्राहक खूश होतो. परंतु कार्डावर घेतल्यास त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे सुमारे १२२ रुपये ग्राहकाकडूनच जातो, आणि प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर करासह २३५ रुपये. म्हणजे "शून्य" खर्चाचे ३५७ रुपये झाले. शिवाय जी ६७६ रुपयांची सवलत विक्रेता सोडतो, ती रोखीने घेणाऱ्यालाही घासाघीस करून मिळू शकते. दुकानात रोखीचा भाव वेगळा विचारायचा असतो हे व्यापाऱ्याला आम्ही काय सांगावे!

हा आमचा एकट्याचा संशय नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच परिपत्रक काढून बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. व्याज प्रक्रिया शुल्काच्या आड लपवले जाते.

येथे आपल्या वाचकांच्या दृष्टीने दीनचा प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. आम्ही मुफ्ती नाही. फतवा आपल्या विश्वासातील आलिमांकडूनच घ्यावा. पण प्रश्न नीट विचारता यावा म्हणून व्यवहाराचे स्वरूप समजून घेणे आपले काम आहे. दुकानदार स्वतःच्या मालकीचा फोन रोखीने १५,००० आणि सहा महिन्यांच्या उधारीवर १६,००० असे सांगतो, ग्राहक त्यातला एक भाव कबूल करतो, आणि पुढे तो भाव वाढत नाही, तर ही उधारीची विक्री आहे. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९० च्या अधिवेशनात अशा विक्रीस, उधारीचा भाव रोखीपेक्षा जास्त असला तरी, मान्यता दिली. मात्र हप्ता उशिरा आल्यास वाढीव रक्कम घेण्यास आणि करारात व्याज वेगळे दाखवण्यास मान्यता दिली नाही. "नो कॉस्ट" प्रकारात मात्र फोन विकणारा एक, कर्ज देणारा दुसरा, आणि कागदावर कर्ज, व्याज, उशिराचा दंड हे सर्व शब्द छापलेले असतात. खिशातून जादा पैसा गेला नाही तरी सही कशावर झाली, हा प्रश्न उरतोच. कागद आलिमांना दाखवा. तोंडी वर्णन करू नका, कारण तोंडी वर्णनात आपण दुकानदाराचेच शब्द सांगतो.

कागद मागण्याचा हक्क आता आपल्याला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्त कंपन्यांनी प्रत्येक किरकोळ कर्जासोबत एक मुख्य माहितीपत्रक द्यावयाचे आहे. त्यात कर्जाची रक्कम, सर्व शुल्के धरून पडणारा वार्षिक दर, आणि दंड लिहिलेला असतो. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे. मराठीत मागा, उर्दू वाचता येत असेल तर उर्दूत मागा. काउंटरवरचा मुलगा "ॲपमध्ये आहे" म्हणेल. ॲपमधले उघडून दाखवायला सांगा आणि मगच अंगठा लावा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, हे आपल्यापैकी प्रत्येकाने खुतब्यात ऐकलेले आहे. मग चाळीस सेकंदांत चार ओटीपी देऊन मोकळे का व्हावे?

दंडापेक्षाही मोठी एक अट असते, ती म्हणजे कुलूप. हप्त्यावरच्या काही संचांत असे ॲप बसवलेले असते की हप्ता चुकला की फोन दुरूनच बंद करता येतो. समजा सेक्टरातील एका शिंप्याने पावसाळ्यात हप्त्याने फोन घेतला. रमजानच्या आधी कापड आणि कारागिरांच्या मजुरीत पैसा अडकला, दोन हप्ते चुकले आणि फोनला कुलूप लागले. गिऱ्हाइकांची मापे त्यात, उधारीची यादी त्यात, पैसे घेण्याची सोय त्यात. दोन हजारांच्या हप्त्यासाठी वर्षाचा सीझन गेला. असा धंद्याचा फोन कोणाच्या कुलपाखाली ठेवू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. घरातल्या मुलाचा फोन हप्त्याने घेतला आणि बंद पडला तर एकवेळ चालेल, उलट अभ्यास होईल! पण दुकानाचा फोन रोखीचाच असावा, मग तो साधा का असेना. शिवाय चुकलेला हप्ता क्रेडिट ब्युरोच्या नोंदीत जातो. उद्या मुद्रा कर्जासाठी किंवा गाळ्यासाठी बँकेत गेलात तर आठ हजारांच्या फोनचा डाग आठ लाखांच्या अर्जावर दिसतो.

रोख एकदम कुठून आणायची, हा रास्त प्रश्न. आपल्या बाजारात भिशी आहे. दहा जणांनी दरमहा हजार टाकले तर प्रत्येकाला एकदा दहा हजार मिळतात, ना व्याज ना प्रक्रिया शुल्क. लिलावाची भिशी मात्र वेगळी, तिच्यात कमी रकमेवर बोली लागते, ती टाळा. ज्या मोहल्ल्यात बिनव्याजी कर्ज देणारी संस्था किंवा बैतुलमाल आहे तिथे कारागिराच्या अवजारासाठी मागणी करण्यात संकोच नको. फोन आज शिलाई मशीनइतकेच अवजार आहे. आणि बाजूला साठवलेल्या रकमेवर वर्ष उलटले व निसाब पूर्ण असेल तर तिची जकात निघते, वापरातल्या फोनची निघत नाही, हेही जाता जाता सांगतो.

सेवेचे काय? संच रोखीने घेतला तरी पोस्टपेड की प्रीपेड हे ठरवावे लागते. येथे उत्तर जीएसटी नोंदणीवर अवलंबून आहे. पोस्टपेडच्या जाहिरातीतला आकडा कराशिवाय असतो, प्रीपेडचा करासह. ४९९ ची पोस्टपेड योजना हाती येते तेव्हा ५८८ रुपये ८२ पैसे होतात. पण दुकान जीएसटीत नियमित नोंदलेले असेल आणि बिलावर दुकानाचा नोंदणी क्रमांक टाकून घेतला असेल, तर दरमहा ८९ रुपये ८२ पैसे, वर्षाला १०७७ रुपयांहून थोडे जास्त, कराच्या वजावटीत परत मिळतात. संचालाही तोच नियम. १ एप्रिल २०२० पासून मोबाईलवर १८ टक्के कर आहे. कराशिवाय १५,००० किमतीच्या संचावर २७०० रुपये कर भरावा लागतो; दुकानाच्या नावाने बिल घेतले तर त्याची वजावट मिळते, स्वतःच्या नावाने घेतले तर नाही. एका ओळीच्या फरकाने २७०० रुपये जातात! कंपोझिशन योजनेतील दुकानदाराला किंवा नोंदणी नसलेल्या कारागिराला हा लाभ नाही. त्याने प्रीपेडच घ्यावे, आणि अठ्ठावीस दिवसांच्या "महिन्या"कडे लक्ष ठेवावे. असे महिने वर्षात तेरा येतात. ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला तीस दिवसांची योजनाही ठेवण्यास सांगितले. ती जाहिरातीत दिसत नाही, विचारावी लागते.

प्रीपेडचा एक धोका सांगितलाच पाहिजे. गावी, उमऱ्याला किंवा आखातात काही महिने गेलात, सिम खोलीवर राहिले आणि नव्वद दिवस काहीच वापर झाला नाही, तर नंबर बंद होऊन दुसऱ्याला मिळू शकतो. दुकानाच्या पाटीवरचा नंबर असा गमावू नये. घरच्या कोणाला तरी तो चालू ठेवायला सांगावे. तो नंबर स्वतःच्याच नावावर आहे ना, हेही बघावे. पुष्कळ दुकानांचे नंबर जुन्या नोकराच्या किंवा भागीदाराच्या कागदपत्रांवर निघालेले असतात. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे. एका कंपनीत नव्वद दिवस झाले, पोस्टपेडचे बिल थकलेले नाही आणि करारातील बंधन उरलेले नाही, एवढे असले की बदल करता येतो. या तिसऱ्या अटीतच कराराची खरी किंमत आहे : मुदत संपेपर्यंत दर वाढले, सिग्नल गेला, तरी पाय अडकलेला.

जुना संच घेणाऱ्यांसाठी शेवटी थोडे. नवा हप्त्याने घेण्यापेक्षा जुना रोखीने घेणे आम्हाला पुष्कळदा शहाणपणाचे वाटते, पण चोरीचा माल गळ्यात पडण्याची भीती असते. फोनच्या डायलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. इंग्रजीत के वाय एम ही अक्षरे, मग जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवला की त्या संचाची माहिती येते. क्रमांक काळ्या यादीत असेल तर तिथूनच परत फिरा. विकणाऱ्याकडून मूळ बिल घ्या, नसेल तर त्याच्या ओळखपत्राच्या प्रतीवर "अमुक क्रमांकाचा संच विकला" असे लिहून सही घ्या. आणि हप्त्यावरचा संच हप्ते संपण्याआधीच विकायला आलेला नाही ना, हे विचारा. फोनच्या सेटिंगमध्ये वित्त कंपनीचे ॲप काढता येत नसेल तर तो संच अजून दुसऱ्याच्या कर्जात आहे असे समजावे.